टेस्ट यशस्वी, मग एक्सेलला डेटा सोर्स का सापडत नाही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे तो मला नीट कळला की नाही हे तुम्हालाही दिसेल. रबाळे एमआयडीसीतल्या तुमच्या युनिटमध्ये एका पीसीवर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस हा मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस आहे, त्यालाच सगळे ‘सर्व्हर’ म्हणतात. स्टोअर्सचे जुने सॉफ्टवेअर व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये लिहिलेले आहे आणि ते डीएसएनवरून, म्हणजे डेटा कुठे आहे आणि कसा गाठायचा हे सांगणाऱ्या विंडोजमधल्या नोंदीवरून, त्या डेटाबेसला जोडले जाते. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, म्हणून तुमच्या टेबलावर विंडोज ११ चा नवा पीसी आला. व्हेंडरच्या मुलाने डीएसएन केला, ‘टेस्ट्स कम्प्लीटेड सक्सेसफुली’ दाखवले आणि गेला. स्टोअर्सचे सॉफ्टवेअर चालते आहे. पण रोजचा रिपोर्ट जिच्यातून निघतो ती एक्सेल फाइल रिफ्रेश केली की ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड अँड नो डीफॉल्ट ड्रायव्हर स्पेसिफाइड’ (कोड आयएम००२) असे येते. शिवाय तुम्ही विचारले आहे की मालाची मराठी नावे प्रश्नचिन्हे होऊन का येतात, वाशीच्या ऑफिसातून हा डेटा बघता येईल का आणि टॅलीचा डेटाही असाच आणता येतो का.

व्हेंडरच्या मुलाने खोटे काही दाखवले नाही. टेस्ट यशस्वी झाली याचा अर्थ इतकाच की ज्या खिडकीतून टेस्ट केली ती खिडकी, त्या वेळच्या लॉगिनने, सर्व्हरपर्यंत पोचली. एक्सेल पोचेल याची हमी त्यात नव्हतीच. म्हणून डीएसएनचे काम मी विंडोजपासून सुरू करत नाही, डेटा मागणाऱ्या प्रोग्रामपासून करतो. मागणारा कोण, तो ३२-बिट की ६४-बिट (प्रोग्राम या दोन घडणींत येतात), आणि तो कोणाच्या लॉगिनने चालतो? एवढे कळले की पुढचे बहुतेक निर्णय आपोआप होतात.

डीएसएन ज्या व्यवस्थेचा भाग आहे ती ओडीबीसी मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये आणली. हेतू साधा होता: प्रोग्राम कुठलाही असो आणि डेटाबेस कुठलाही असो, मधली बोलण्याची पद्धत एकच राहावी. प्रोग्राम ड्रायव्हर मॅनेजरला डीएसएनचे नाव सांगतो, मॅनेजर त्या नावाखालची नोंद उघडून कोणता ड्रायव्हर (त्या डेटाबेसची भाषा बोलणारा दुवा), कोणता सर्व्हर, कोणता डेटाबेस हे वाचतो आणि तो ड्रायव्हर प्रोग्रामच्या आतच लोड करतो. ‘आतच’ हा शब्द महत्त्वाचा. ६४-बिट प्रोग्रामच्या आत ३२-बिट ड्रायव्हर बसू शकत नाही, उलटेही नाही. यातून सुटायला कुठलेही सेटिंग नाही.

आता तुमच्या मशीनवर काय झाले असणार ते पाहू. ६४-बिट विंडोजमध्ये ओडीबीसीचे कपाट एक दिसले तरी खण दोन आहेत: ३२-बिटचा एक, ६४-बिटचा एक. ड्रायव्हरांची यादी वेगळी, सिस्टम डीएसएन वेगळे. व्हिज्युअल बेसिक ६ चा प्रोग्राम नेहमीच ३२-बिट असतो, त्यामुळे मुलाने ३२-बिट खणात डीएसएन केला आणि ते सॉफ्टवेअर चालू झाले. ते बरोबरच केले. पण नव्या पीसीसोबत आलेले ऑफिस बहुधा ६४-बिट आहे. ऑफिस २०१९ पासून मायक्रोसॉफ्ट मुद्दाम वेगळे निवडले नाही तर ६४-बिटच टाकते, त्याआधी ३२-बिट टाकत असे. जुन्या पीसीवर सॉफ्टवेअर आणि एक्सेल दोन्ही ३२-बिट होते, म्हणून एका डीएसएनवर दोघांचे भागत होते. आता एक्सेल ६४-बिटच्या खणात बघते आहे आणि तिथे तुमचे नाव नाही.

अंदाजावर जाऊ नका, पाहून घ्या. एक्सेलमध्ये फाइल, मग अकाउंट, मग अबाउट एक्सेल उघडा. वरच्या ओळीच्या शेवटी ३२-बिट किंवा ६४-बिट लिहिलेले असते. इतर कुठल्या प्रोग्रामचे पाहायचे असेल तर तो चालू ठेवून टास्क मॅनेजरच्या डिटेल्स टॅबमध्ये जा, रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक करा आणि प्लॅटफॉर्म किंवा आर्किटेक्चर या नावाचा रकाना आणा.

मग स्टार्ट मेनूत ‘ओडीबीसी’ टाइप केले की दोन नावे येतात, एकापुढे ३२-बिट, दुसऱ्यापुढे ६४-बिट. तिथूनच उघडत जा. फाइलच्या नावावरून ओळखायला गेलात तर हमखास घोटाळा होईल, कारण दोन्ही फाइलींचे नाव ओडीबीसीएडी३२ असेच आहे. त्यातही सिस्टम३२ फोल्डरमधली ६४-बिट आणि सिसवाव६४ फोल्डरमधली ३२-बिट. नावे उलटी वाटतात, पण आहेत तशीच आहेत. त्यावर डोके आपटण्यात अर्थ नाही.

तुमचा उपाय: ६४-बिटची खिडकी उघडा, सिस्टम डीएसएन टॅबवर जा आणि ३२-बिटमध्ये आहे त्याच नावाचा डीएसएन तिथेही करा. अक्षर न् अक्षर तेच नाव, मध्ये स्पेस असेल तर स्पेससकट. दोन खणांत एकाच नावाचे दोन सिस्टम डीएसएन सुखाने राहतात. सॉफ्टवेअर आपल्या खणातला उचलेल, एक्सेल आपल्या. फाइलमध्ये काहीही बदलावे लागणार नाही.

‘सिस्टम’ मुद्दाम म्हणतो आहे. यूजर डीएसएन हा ज्या विंडोज लॉगिनने केला त्यालाच दिसतो. ठाणे-बेलापूर रोडवरच्या छोट्या युनिट्समध्ये हे दुखणे नेहमीचेच आहे: सेटअप करणारा ॲडमिन लॉगिनने बसतो, यूजर डीएसएन करतो, टेस्ट हिरवी दाखवतो; दुसऱ्या दिवशी स्टोअर्सवाला आपल्या लॉगिनने येतो आणि त्याच्यासाठी तिथे काहीच नसते. रात्री आपोआप चालणारा एखादा रिपोर्ट टास्क शेड्यूलरमध्ये दुसऱ्या खात्याखाली लावला असेल तर त्याचेही तेच. यूजर डीएसएनची आणखी एक खोड म्हणजे त्याची नोंद दोन्ही खणांना सामायिक असते. ३२-बिटमध्ये केलेला ६४-बिटच्या यादीतही दिसतो, आणि माणूस म्हणतो, ‘दिसतोय की!’ शेजारचा प्लॅटफॉर्मचा रकाना वाचा. एक्सेलने तोच उचलला तर एरर बदलून ‘आर्किटेक्चर मिसमॅच’ अशी येते, कोड आयएम०१४. ही एरर आली तर निदान सरळ आहे. तुमची आयएम००२ मात्र थोडी फसवी: बिटचा फरक, दुसऱ्याच्या लॉगिनमधला डीएसएन, नावातली चूक, ड्रायव्हरच नसणे, या सगळ्यांना ती एकच एरर देते.

ड्रायव्हर कोणता घ्यायचा? यादीत नुसता ‘एसक्यूएल सर्व्हर’ असा एक दिसेल. तो विंडोजसोबतच येतो, म्हणून पुष्कळ जण तोच घेतात, आणि तुमच्या ३२-बिट डीएसएनमध्येही बहुधा तोच आहे. सॉफ्टवेअर त्याच्यावर चालत असेल तर तिकडे हात लावू नका. जुन्या प्रोग्रामला ज्या ड्रायव्हरची सवय आहे तो त्याच्यासाठी चांगला. पण एक्सेलच्या डीएसएनला मी नवा घेईन, ‘ओडीबीसी ड्रायव्हर १७ फॉर एसक्यूएल सर्व्हर’ किंवा १८. जुन्या ड्रायव्हरला एसक्यूएल सर्व्हर २००८ मध्ये आलेले तारखेचे नवे प्रकार कळत नाहीत; तो तारीख मजकूर म्हणून देतो. मग एक्सेलमध्ये तारखा डावीकडे चिकटून बसतात, महिन्यानुसार फिल्टर लागत नाही आणि लोक तासन् तास फॉर्म्युले लिहीत बसतात. ‘एसक्यूएल सर्व्हर नेटिव्ह क्लायंट’ कुठे दिसला तर नव्या कामाला घेऊ नका, मायक्रोसॉफ्टने तो मागे सोडला आहे.

१७ आणि १८ यांत एक फरक लक्षात ठेवा. १८ आल्यापासून एन्क्रिप्शन न सांगता चालू असते आणि सर्व्हरचे सर्टिफिकेट तपासले जाते. एक्स्प्रेसच्या सर्व्हरवर सर्टिफिकेट त्याने स्वतःच बनवलेले असते, त्यावर नवा ड्रायव्हर विश्वास ठेवत नाही आणि ‘सर्टिफिकेट चेन वॉज इश्यूड बाय अॅन ऑथॉरिटी दॅट इज नॉट ट्रस्टेड’ म्हणून हात वर करतो. लोकांना वाटते पासवर्ड चुकला. युनिटच्या आतल्या नेटवर्कवर डीएसएन करतानाच्या विझार्डमधल्या (एकामागून एक येणाऱ्या पानांतल्या) ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’वर टिक करून पुढे जायला माझी हरकत नाही. इंटरनेटवरून जोडणी असेल तर ती टिक करू नका, खरे सर्टिफिकेट घ्या.

मायक्रोसॉफ्टचा ६४-बिट इन्स्टॉलर दोन्ही बिटचे ड्रायव्हर एकदम टाकतो. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे तसे नाही, तिथे ३२ आणि ६४ चे इन्स्टॉलर वेगळे घ्यावे लागतात, आणि त्याला व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबलही त्याच बिटचे लागते. ते नसेल तर डीएसएन करतानाच ‘सिस्टम एरर कोड १२६’ येतो. हा कोड पाहून ड्रायव्हर पुन्हा पुन्हा काढून टाकणारे पाहिले आहेत. ड्रायव्हर जागेवर असतो. त्याला लागणारी दुसरी एखादी फाइल नसते. कोड १९३ असेल तर मात्र बिटचा घोळ.

विझार्डमध्ये सर्व्हरच्या रकान्यात काय लिहिता यावर बरेच अवलंबून आहे. एक्स्प्रेस साधारणपणे स्वतःचे नाव असलेल्या इन्स्टन्सवर (एका पीसीवरच्या एसक्यूएल सर्व्हरच्या एका प्रतीवर) बसते, म्हणून पीसीचे नाव, मग उलटा तिरका दांडा, मग एसक्यूएलएक्स्प्रेस असे लिहायची पद्धत आहे. असे लिहिले की ड्रायव्हर आधी सर्व्हरवरच्या ‘एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर’ सेवेला यूडीपी १४३४ पोर्टवर (पोर्ट म्हणजे पीसीचे क्रमांक दिलेले दार) विचारतो की हा इन्स्टन्स कोणत्या पोर्टवर ऐकतो आहे. ब्राउझर सेवा बंद असेल किंवा फायरवॉलने अडवली असेल तर उत्तर येत नाही. पोर्ट पक्का करून थेट लिहिणे मला जास्त आवडते: सर्व्हरचे नाव, स्वल्पविराम, १४३३. स्वल्पविरामच, विसर्गासारखी दोन टिंबे नव्हेत. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस वापरणाऱ्यांचा हात इथे चुकतो.

पोर्ट पक्का करायला सर्व्हरवर जाऊन एसक्यूएल सर्व्हर कॉन्फिगरेशन मॅनेजर उघडा. प्रोटोकॉल्समध्ये टीसीपी/आयपी आहे का चालू ते पाहा. एक्स्प्रेसमध्ये सुरुवातीला बंद असते. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी अॅड्रेसेस टॅबवर अगदी खाली ‘आयपीऑल’ असा भाग आहे. तिथे ‘टीसीपी डायनॅमिक पोर्ट्स’ रिकामे करा, शून्यसुद्धा ठेवू नका, आणि ‘टीसीपी पोर्ट’मध्ये १४३३ लिहा. मग सेवा रीस्टार्ट करा. हे सगळे दुपारी जेवणाच्या सुट्टीत करा, कारण रीस्टार्टला स्टोअर्सचे सॉफ्टवेअर क्षणभर तुटते. शेवटी विंडोज फायरवॉलमध्ये १४३३ साठी इनबाउंड रूल, आणि नेटवर्कचा प्रकार ‘पब्लिक’ पडला असेल तर ‘प्रायव्हेट’.

दार उघडे आहे का हे पाहायला डीएसएन लागत नाही. तुमच्या पीसीवर पॉवरशेल उघडून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा द्या, पुढे सर्व्हरचे नाव आणि पोर्ट १४३३. ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’पुढे ट्रू आले तर नेटवर्क ठीक, यापुढचा दोष ड्रायव्हर किंवा लॉगिनचा. फॉल्स आले तर डीएसएनशी खेळत बसू नका, आधी फायरवॉल आणि टीसीपी/आयपी.

सर्व्हरचे नाव लिहायचे की आयपी? तुमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, राउटर बंद होऊन चालू होतो आणि पीसींना नवे आयपी वाटतो. काल १९२.१६८.१.१० वर असलेला सर्व्हर आज .१४ वर गेला की आयपी लिहिलेले सगळे डीएसएन एकदम मरतात, आणि बिलिंग थांबले म्हणून फोन येतो. राउटरमध्ये सर्व्हरचा आयपी राखून ठेवा, किंवा डीएसएनमध्ये नाव लिहा. दोन्ही केलेत तर उत्तम.

विझार्डच्या पुढच्या पानावर लॉगिन. डोमेन (सगळ्या पीसींची लॉगिन एका जागी सांभाळणारी व्यवस्था) नसलेल्या छोट्या नेटवर्कवर ‘इंटिग्रेटेड विंडोज’ हा पर्याय बहुधा त्रासच देतो. एसक्यूएलचे लॉगिन घ्या. ‘एसए’ हे सर्वाधिकार असलेले लॉगिन नको. एक्सेलला डेटा फक्त वाचायचा आहे, तर वाचण्यापुरते वेगळे लॉगिन करून त्याला त्या एका डेटाबेसवर डीबी_डेटारीडर हा रोल द्या. रिपोर्ट बघता बघता कोणाच्या हातून स्टॉकचे टेबल बदलायला नको. ‘लॉगिन फेल्ड फॉर यूजर’, म्हणजे १८४५६, आले तर ती एका अर्थी चांगली बातमी आहे: नेटवर्क पार झाले, ड्रायव्हर चालला, फक्त ओळख पटली नाही. खरे कारण सर्व्हर तुम्हाला मुद्दाम सांगत नाही, पण त्याच्या स्वतःच्या एरर लॉगमध्ये ‘स्टेट’ लिहितो. स्टेट ५ म्हणजे असे लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५८ म्हणजे सर्व्हर फक्त विंडोज लॉगिन घेतो आहे. त्याला मिक्स्ड मोडवर (विंडोज आणि एसक्यूएल दोन्ही लॉगिन चालतील असे) न्यावे लागेल आणि सेवा रीस्टार्ट करावी लागेल.

त्यानंतरच्या पानावर ‘चेंज द डीफॉल्ट डेटाबेस टू’ अशी एक टिक असते, लोक नेक्स्ट नेक्स्ट करत ती सोडून देतात. सोडली तर तुम्ही लॉगिनच्या डीफॉल्ट डेटाबेसमध्ये, म्हणजे बहुधा ‘मास्टर’मध्ये जाता. टेस्ट तरीही यशस्वी होते! मग एक्सेल टेबलांची यादी दाखवते त्यात एसपीटी_मॉनिटर वगैरे कधी न पाहिलेली नावे असतात आणि तुमच्या मालाचे टेबल कुठेच नसते. टिक करून यादीतून आपला डेटाबेस निवडा.

आता मराठी नावांच्या प्रश्नचिन्हांकडे येतो, कारण इथे घाई केली तर नुकसान कायमचे होते. सर्वात आधी हे ठरवा की प्रश्नचिन्हे टेबलातच आहेत की फक्त एक्सेलमध्ये दिसतात. सर्व्हरवर मॅनेजमेंट स्टुडिओ (टेबले थेट दाखवणारा एसक्यूएल सर्व्हरचा प्रोग्राम) उघडून तोच माल शोधा. तिथे ‘हळद पावडर’ नीट दिसली आणि एक्सेलमध्ये प्रश्नचिन्हे आली, तर दोष वाटेतला: ड्रायव्हर जुना आहे किंवा, मायएसक्यूएल असेल तर, ‘युनिकोड’ऐवजी ‘अँन्सी’ ड्रायव्हर निवडला गेला आहे. मायएसक्यूएलच्या यादीत हे दोघे शेजारी शेजारी असतात आणि वर्णमालेत अँन्सी आधी येतो, म्हणून तोच निवडला जातो. युनिकोड घ्या, प्रश्न संपला.

पण टेबलातच प्रश्नचिन्हे असतील तर ती आता खरोखरची प्रश्नचिन्हे आहेत. मूळ अक्षर पुसले गेले, कुठलाही ड्रायव्हर ते परत आणणार नाही; बॅकअप किंवा जुनी चलने हाच आधार. असे होते ते रकाना व्हारचार या साध्या मजकुराच्या प्रकारचा ठेवल्यामुळे. देवनागरीसाठी सहसा एनव्हारचार हा युनिकोड मजकुराचा प्रकार लागतो. आणि रकाना एनव्हारचार असूनही, प्रोग्रामने मजकुराच्या अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे अक्षर लावले नसेल तर सर्व्हर तो मजकूर आधी जुन्या कोडपेजमध्ये (देवनागरी नसलेल्या अक्षरसंचात) बदलतो आणि वाटेतच प्रश्नचिन्हे होतात. तेव्हा रकान्याचा प्रकार बदलला म्हणून निश्चिंत होऊ नका; एक नवा माल सॉफ्टवेअरमधून टाकून टेबलात पाहा.

तिसरी शक्यता तुमच्यासारख्या जुन्या युनिटमध्ये बरीच असते. टेबलात प्रश्नचिन्हे नाहीत, मराठीही नाही, अर्थहीन रोमन अक्षरे आणि चिन्हे आहेत, आणि स्टोअर्सच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तोच माल शुद्ध मराठीत दिसतो. हा डेटा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. त्या काळी अक्षरे रोमनच साठवायची आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप द्यायचा. ड्रायव्हर ते जसेच्या तसे आणतो आहे, त्याची काही चूक नाही. एक्सेलच्या त्या रकान्याला तोच फॉन्ट लावला तर तात्पुरते वाचता येईल. पण शोध, क्रमवारी, ई-वे बिलात नाव पाठवणे, यांपैकी काही जमणार नाही. एकदा बसून सगळी मालयादी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावे लागतात.

वाशीच्या ऑफिसचे उत्तर छोटे आहे. राउटरवर १४३३ बाहेर उघडून देऊ नका, कोणी कितीही सोपे आहे म्हणाले तरी. इंटरनेटवर उघडा पडलेला एसक्यूएल सर्व्हर शोधून त्याच्यावर एसएचे पासवर्ड मारत बसणारे प्रोग्राम अखंड फिरत असतात. दोन्ही ठिकाणी व्हीपीएन (इंटरनेटवरून जाणारी खाजगी, सुरक्षित वाट) देणारा राउटर बसवा; मग वाशीचा पीसी रबाळ्याच्याच नेटवर्कवर असल्यासारखा वागतो आणि डीएसएन हाच, असाच चालतो. फक्त मोठी टेबले अख्खीच्या अख्खी ओढू नका. सर्व्हरवर एक व्ह्यू (टेबलासारखी दिसणारी, जपून ठेवलेली क्वेरी) करून त्यात चालू महिन्यापुरत्या ओळी ठेवा, नाहीतर रिफ्रेश लावून चहा पिऊन आलात तरी चक्र फिरतच असेल. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींपेक्षा जास्त मावतही नाहीत.

टॅलीचे गणित थोडे उलटे आहे. तिथे टॅली स्वतःच ओडीबीसीचा सर्व्हर होते, मागे दुसरा डेटाबेस सर्व्हर नसतो. त्यामुळे टॅली चालू हवी आणि ज्या कंपनीचा डेटा हवा ती उघडलेली हवी. टॅलीप्राइममध्ये एफ१, सेटिंग्ज, कनेक्टिव्हिटी असे जाऊन ओडीबीसी चालू करा. पोर्ट साधारणपणे ९००० असतो. ६४-बिट एक्सेलला टॅलीओडीबीसी६४_९००० या नावाचा डीएसएन लागतो. त्यातून लेजर, स्टॉक आयटम अशा मास्टर याद्या सहज येतात. व्हाउचरचा सगळा तपशील हवा असेल तर सहसा टीडीएल, म्हणजे टॅलीच्या स्वतःच्या भाषेतला प्रोग्राम, लिहून घ्यावे लागते, तेव्हा सीएंच्या ऑफिसला ‘सगळे एक्सेलमध्ये येईल’ असे आधीच सांगून बसू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण लवकरच लागेल. हीच रिपोर्टची फाइल तुम्ही आणखी तीन पीसींवर देणार आहात. फाइलमध्ये डीएसएनचे फक्त नाव जाते, डीएसएन जात नाही, आणि पॉवर क्वेरीने (एक्सेलमधल्या डेटा आणायच्या साधनाने) केलेल्या जोडणीचा पासवर्डही फाइलबरोबर जात नाही. तो प्रत्येक पीसीवर त्या त्या लॉगिनखाली एकदा विचारला जातो. तेव्हा प्रत्येक मशीनवर आधी ड्रायव्हर, मग त्याच नावाचा सिस्टम डीएसएन, मग फाइल. हाताने करायचे नसेल तर पॉवरशेलमध्ये अॅड-ओडीबीसीडीएसएन ही आज्ञा आहे. तिला डीएसएनचा प्रकार ‘सिस्टम’ आणि प्लॅटफॉर्म ६४-बिट असा स्पष्ट सांगा. ड्रायव्हरचे नाव मात्र यादीत आहे तसे पूर्ण द्यावे लागते. तिथे १७ आहे आणि तुम्ही १८ लिहिलेत तर डीएसएन होणारच नाही. आज्ञा देण्याआधी प्रत्येक पीसीवर अबाउट एक्सेल पाहून घ्या. एखाद्या मशीनवर जुने ३२-बिट ऑफिस निघाले तर तिथे प्लॅटफॉर्म ३२-बिट लिहा.